आर्द्रेचा तारा



आर्द्रा हे नाव तुम्हांला आम्ही शिकवायला नको. मृग सरला, आर्द्रा लागली. आर्द्रा बरसली, आर्द्रा कोरडी गेली. असे आपण दर पावसाळ्यात बोलतो. अक्षरे गिरवायला बसण्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव आपल्या तोंडी आहे. पण आर्द्रेचा तारा कोणता, असे विचारले की बहुतेक मंडळी गप्प बसतात. कोणी म्हणतो, "गुरुजी, आर्द्रा म्हणजे पाऊस. तिला तारा कुठला?"

तारा आहे, बरं का! आणि तोही साधासुधा नव्हे. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांत इतके मोठे तारे फार थोडे आहेत. आर्द्रेच्या नावावर आपण घरातले बियाणे मातीत टाकतो. ज्याच्या नावावर एवढा व्यवहार करायचा, त्याची ओळख नको का करून घ्यायला? म्हणून आज आपण हा तारा पाहू. तो आपल्याला काय सांगतो आणि काय सांगत नाही, हेही पाहू.

तारा ओळखावा कसा?

मार्गशीर्ष-पौष महिन्यांत रात्री आठ-नऊच्या सुमारास अंगणात या. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. एकाखाली एक असे तीन तारे एका रेषेत दिसतील. जणू कोणी दोरी धरून ओळंबा लावला आहे. हा झाला बाण. बाणाच्या भोवती चार कोपऱ्यांना चार ठळक तारे आहेत. ते हरणाचे चार पाय. पारध्याने हरणाला बाण मारला आणि तो त्याच्या पोटात रुतला, अशी आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. बाणाची रेघ खाली उजवीकडे वाढवत न्या. तिथे एक फार तेजस्वी तारा लखलखताना दिसेल. तो व्याध, म्हणजे पारधी. रात्रीच्या आकाशातला तो सर्वांत तेजस्वी तारा आहे.

आता हरणाचे चार पाय नीट पाहा. दोन तारे डाव्या हाताला, दोन उजव्या हाताला. डावीकडच्या दोघांपैकी खालचा तारा पाहा. तो इतरांसारखा पांढरा नाही. राखेतल्या निखाऱ्यासारखा तांबूस आहे. हाच आर्द्रेचा तारा! पुस्तकांत त्याला काक्षी असेही म्हणतात. त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, उजवीकडे वर, निळसर पांढरा तारा आहे. त्याचे नाव राजन्य. एकदा या ताऱ्याकडे, एकदा त्या ताऱ्याकडे पाहा. रंगातला फरक लगेच कळेल.

माघ-फाल्गुनात रात्री नऊच्या सुमारास हे सारे हरिण आपल्या डोक्यावर आलेले असते. दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठाल, तेव्हाही वर पाहा. हरिण माथ्यावरून जरासे पश्चिमेकडे कललेले दिसेल.

हरणाच्या डोक्याच्या जागी तीन बारीक तारे आहेत. तेच मृगशीर्ष, आपला मृग. त्यावरूनच मार्गशीर्ष महिन्याचे नाव पडले. मृग आणि आर्द्रा आकाशात असे शेजारी शेजारी आहेत. म्हणून पावसाळ्यातही मृगामागून आर्द्रा येते.

दुसऱ्या देशांतल्या लोकांना याच ताऱ्यांत हरिण दिसले नाही, शिकारी दिसला. ग्रीक लोकांनी त्याला ओरायन म्हटले. त्यांच्या चित्रात आपला तांबूस तारा शिकाऱ्याच्या खांद्यावर येतो. ते लोक या ताऱ्याला बीटलज्यूज म्हणतात. हे नाव अरबी भाषेतून तिकडे गेले. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' या नावाचा ग्रंथ लिहिला. वेदांतील मृग नक्षत्राच्या उल्लेखांवरून वेद किती जुने आहेत, हे ठरवण्याचा त्यांनी त्यात प्रयत्न केला होता.

आर्द्रा लागते तेव्हा तारा का दिसत नाही?

आता एक गंमत सांगतो. ज्या दिवसांत आपण आर्द्रा, आर्द्रा म्हणतो, त्याच दिवसांत हा तारा कोणालाच रात्री दिसत नाही. ढग नसले तरी दिसत नाही. असे का?

खळ्यातली मळणी आठवा. आता मळणी यंत्रावर होते, पण तिवडा तुम्ही पाहिला असेल. मधे तिवडा रोवलेला आणि त्याच्याभोवती बैल फिरतात. फिरणाऱ्या बैलाने तिवड्याकडे पाहिले, तर त्याला तिवड्याच्या मागे आधी गोठा दिसेल. पुढे गेला की तिवड्याच्या मागे आंबा दिसेल. आणखी पुढे गेला की विहीर दिसेल. तिवडा जागचा हलला नाही. बैल फिरला, म्हणून मागची वस्तू बदलली.

आपली पृथ्वी म्हणजे हा बैल आणि सूर्य म्हणजे तिवडा. पृथ्वी वर्षभरात सूर्याभोवती एक फेरी घालते. त्यामुळे सूर्याच्या मागे दिसणारे तारे बदलत जातात. आपल्या पूर्वजांनी आकाशाच्या या वाटेचे २७ भाग पाडले. तीच २७ नक्षत्रे. सूर्य एकेका भागात साधारण १३-१४ दिवस असतो. ७ किंवा ८ जूनला तो मृगात येतो. २१ किंवा २२ जूनला आर्द्रेत येतो. पुढे पुनर्वसू, मग पुष्य.

म्हणजे आर्द्रा लागली याचा अर्थ एवढाच, की सूर्य आकाशाच्या आर्द्रेकडच्या भागात आला. मग तारा दिसणार कसा? मोटारीच्या झगझगीत दिव्याशेजारी काजवा बसला, तर तो दिसेल काय? आर्द्रेचा तारा त्या दिवसांत सूर्याबरोबरच उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. मे महिना संपता संपता तो मावळतीच्या उजेडात बुडतो. पुढे जुलैच्या अखेरीस पहाटे पूर्वेला पुन्हा वर येतो.

तारा दिसत नसताना सूर्य त्याच्यापाशी आहे हे ओळखायचे, यासाठी आकाश वर्षानुवर्षे नीट पाहावे लागते. घड्याळ नव्हते, छापील दिनदर्शिका नव्हती, त्या काळी आपल्या वाडवडिलांनी हे काम केले. ते कमी मोलाचे नाही.

तांबूस का?

लोहाराच्या भात्यापाशी उभे राहून पाहा. लोखंड तापू लागले की आधी लाल होते. आणखी तापले की पिवळे होते. फारच तापले की पांढरे दिसते. ताऱ्यांचेही तसेच आहे. लाल तारा कमी तापलेला, निळसर पांढरा तारा जास्त तापलेला.

आपल्या सूर्याच्या पृष्ठभागाची उष्णता सुमारे ५,५०० अंश आहे. आर्द्रेच्या ताऱ्याची साधारण ३,३०० अंश आहे. म्हणजे हा तारा सूर्यापेक्षा थंड. थंड म्हणजे गार नव्हे हं! त्या उष्णतेत लोखंडाची वाफ होईल.

मग सूर्यापेक्षा थंड असून तो इतक्या दुरून एवढा ठळक कसा दिसतो? त्याचे कारण त्याचा आकार.

किती मोठा?

ज्वारीचा एक दाणा घ्या. हा आपला सूर्य समजा. या मापाने आर्द्रेचा तारा केवढा होईल? सुमारे दहा फूट उंचीचा गोळा होईल. घराच्या दारातून तो आत जाणार नाही. आणि आपली पृथ्वी? ती या मापाने धुळीच्या कणाहून बारीक. डोळ्यांना दिसणारही नाही.

या ताऱ्याची रुंदी सूर्याच्या ७०० पटींहून अधिक आहे. त्याच्या पोटात ३० कोटींहून जास्त सूर्य मावतील. आपल्या सूर्याच्या जागी त्याला आणून ठेवले, तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चारही ग्रह त्याच्या पोटात जातील. म्हणून अशा ताऱ्यांना महाराक्षसी तारे म्हणतात.

पण आकार मोठा म्हणून वजनही त्याच पटीत असेल असे नाही. ज्वारीची लाही फुटली की केवढी फुगते! वजन मात्र दाण्याएवढेच. या ताऱ्यात द्रव्य आहे ते सूर्याच्या साधारण १५ ते २० पट. ते एवढ्या मोठ्या जागेत पसरले आहे. त्यामुळे सरासरी पाहिली तर हा तारा आपल्या हवेपेक्षाही विरळ आहे.

हे माप कोणी काढले, असे तुम्ही विचाराल. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात माउंट विल्सन नावाचा डोंगर आहे. तिथे अडीच मीटर व्यासाच्या आरशाची मोठी दुर्बीण होती. मायकेलसन आणि पीझ या शास्त्रज्ञांनी तिच्यावर सहा मीटर लांबीची तुळई बसवून त्यावर आरसे लावले. १३ डिसेंबर १९२० च्या रात्री त्यांनी याच ताऱ्याची रुंदी मोजली. सूर्य सोडला तर माणसाने रुंदी मोजलेला हा पहिला तारा होय.

किती दूर?

ताऱ्यांचे अंतर कोसांत किंवा मैलांत मोजायला गेलो तर आकडे लिहिता लिहिता पाटी पुरणार नाही. म्हणून ते उजेडाच्या चालीवर मोजतात. उजेड एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. चंद्राचा उजेड आपल्यापर्यंत यायला सव्वा सेकंद लागतो. सूर्याचा यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. उजेड एका वर्षात जेवढी वाट चालतो, तिला एक प्रकाशवर्ष म्हणतात. ती वाट सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर भरते.

आर्द्रेचा तारा आपल्यापासून साधारण ५०० ते ७०० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री जो उजेड आपल्या डोळ्यांत शिरेल, तो तिथून केव्हा निघाला असेल? शिवाजी महाराजांचा जन्म १६३० सालचा. त्याच्याही शंभरावर वर्षे आधी तो निघाला. तो उजेड वाटेत असताना स्वराज्य उभे राहिले, पेशवाई आली आणि गेली, इंग्रज आले आणि गेले. पिढ्यांमागून पिढ्या झाल्या. आणि तो आज आपल्या अंगणात पोचला!

मघाचा ज्वारीचा दाणा आठवा. तो दाणा आपल्या ओट्यावर ठेवला, तर तो दहा फुटांचा गोळा त्या मापाने पार अमेरिकेत ठेवावा लागेल.

तारा मंदावला तेव्हा

मोठ्या चुलीला लाकूड जास्त लागते आणि ढीग लवकर संपतो. ताऱ्यांचेही तसेच. आपल्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे, तरी तो अजून भर उमेदीत आहे. आर्द्रेच्या ताऱ्याचे वय जेमतेम १ कोटी वर्षांच्या आसपास, आणि तो आताच म्हातारा झाला आहे. त्याच्या गाभ्यातले पहिले जळण, म्हणजे हायड्रोजन वायू, संपले. गाभा आकसला आणि आणखी तापला. बाहेरचे अंग फुगत गेले आणि निवत गेले. म्हणून तो एवढा मोठा आणि तांबूस झाला.

या ताऱ्याचा उजेड नेहमी थोडा कमी-जास्त होतो. जॉन हर्शेल या इंग्रज ज्योतिर्विदाने १८३६ साली हे हेरले होते. पण २०१९ सालच्या अखेरीस निराळेच घडले. तारा भराभर मंद होऊ लागला. २०२० च्या फेब्रुवारीत त्याचा उजेड नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झाला. नुसत्या डोळ्यांनीही ते कळत होते. जगभर चर्चा सुरू झाली, की हा तारा आता फुटणार की काय!

तसे काही झाले नाही. दोन-तीन महिन्यांत तो पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागला. चिली देशातल्या मोठ्या दुर्बिणीतून शास्त्रज्ञांनी त्याचे फोटो घेतले होते. त्यांचा अभ्यास करून त्यांनी २०२१ साली कारण सांगितले. ताऱ्याने अंगातला वायू बाहेर टाकला होता. तो थंड होऊन त्याची धूळ बनली. ती धूळ तारा आणि आपण यांच्या मधे आली. वाटेत धुरळा उठला की पलीकडचा दिवा मंद दिसतो, तसाच हा प्रकार. आणि तो धुरळा उठला होता शेकडो वर्षांपूर्वी. आपल्याला दिसला २०१९ साली.

तारा फुटणारच नाही काय? फुटणार. एवढे जड तारे शेवटी मोठा स्फोट होऊन संपतात. पण शास्त्रज्ञांच्या हिशेबाने त्याला अजून हजारो वर्षे, कदाचित लाख वर्षे लागतील. फुटेल तेव्हा काही आठवडे तो अर्ध्या चंद्राएवढा उजेड देईल आणि दिवसाही दिसेल. मग त्याने आपले काही बिघडेल काय? मुळीच नाही. तो फार दूर आहे. त्याची आग, त्याची झळ इथवर पोचणार नाही.

याला जुना दाखला आहे. १०५४ साली याच बाजूला, रोहिणीच्या वृषभ राशीत, एक तारा फुटलेला दिसला. चीनमधल्या लोकांनी तो पाहून लिहून ठेवला. २३ दिवस तो भर दिवसा दिसत होता. रात्री तर जवळजवळ दोन वर्षे दिसला. जग बुडाले नाही, शेती थांबली नाही. त्या स्फोटाचा धूर अजून दुर्बिणीतून दिसतो. तेव्हा उद्या कोणी म्हणाले, "तारा फुटणार, प्रलय होणार, अमुक शांत करा, तमुक दान द्या," तर त्याला हा १०५४ सालचा दाखला सांगा आणि आपला पैसा गाठीला ठेवा.

उलट अशा ताऱ्यांचे आपल्यावर उपकारच आहेत. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू मुख्यतः अशाच मोठ्या ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. आपल्या विळ्यातले लोखंड, आपल्या रक्तातले लोहही जुन्या ताऱ्यांतच घडले. ते तारे फुटले, त्यांचे द्रव्य पसरले, आणि त्यातूनच पुढे सूर्य, पृथ्वी आणि आपण झालो.

मग पाऊस कोण पाडतो?

आता मुख्य गोष्ट. एवढा मोठा तारा, पण तो इतका दूर, की आपल्या रानात एक थेंबसुद्धा पाडणे त्याच्या हाती नाही. पाऊस आणतो तो समुद्रावरचा वारा. उन्हाळ्यात आपली जमीन तापते. समुद्रावरचा ओला वारा तिच्याकडे धाव घेतो. तो सर्वसाधारणपणे १ जूनच्या सुमारास केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोचतो. पुढे तो राज्यभर पसरतो. नेमके याच दिवसांत सूर्य मृगातून आर्द्रेत जातो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, म्हणून आपण त्यांची गाठ बांधली. आर्द्रा या शब्दाचा अर्थच ओली.

शाळेची घंटा झाली की मुले येतात. घंटा वेळ सांगते. ती काही मुलांना घरून उचलून आणत नाही. साथ आली, पूर आला, तर घंटा होऊनही वर्ग रिकामा राहतो. आर्द्रा ही अशी घंटा आहे. पेरणीचे दिवस आले, औते-पाभर तयार ठेवा, एवढे ती सांगते. या वर्षी पाऊस कधी आणि किती, हे ती सांगत नाही. पंचांगात नक्षत्राचे वाहन दिलेले असते. बेडूक, म्हैस, उंदीर, हत्ती. ते आकडेमोड करून काढतात. त्यात समुद्रावरच्या वाऱ्याचे माप घेतलेले नसते.

आणखी एक. या घंटेची वेळही हळूहळू सरकते. ऋतूंचे वर्ष आणि नक्षत्रांचे वर्ष यांत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. ७० वर्षांत तो जवळजवळ एक दिवस होतो. हजार वर्षांपूर्वी सूर्य आर्द्रेत येई, तो ऋतूच्या मानाने आजच्यापेक्षा सुमारे दोन आठवडे आधी. तारे तेच, पाऊस तोच. पण दोघांची गाठ ढिली होत चालली आहे.

म्हणून आमचे सांगणे असे. आर्द्रा लागली म्हणून घाईने पेरू नका. एका सरीवर भुलू नका. मातीत हात घालून ओल किती खोल गेली ते पाहा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी खाते सांगते. हवामान खात्याचा अंदाज रेडिओवर, वर्तमानपत्रात, मोबाइलवर येतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तो स्वतः वाचा. बी एकदा वाया गेले की दुबार पेरणी आली. दुबार पेरणी आली की कर्ज आले. ते कर्ज तारा फेडणार नाही. ते आपल्यालाच फेडावे लागते.

वाडवडिलांनी आकाश पाहिले आणि घड्याळ तयार केले. आपण आकाशही पाहावे आणि मातीही पाहावी. यात त्यांचा अपमान नाही. डोळे उघडे ठेवून पाहण्याची त्यांचीच रीत आपण पुढे चालवतो आहोत.

हे करून पाहा

१. थंडीत मुलाबाळांना घेऊन अंगणात या. बाणाचे तीन तारे, व्याध आणि आर्द्रेचा तारा त्यांना दाखवा.

२. आर्द्रेचा तारा आणि राजन्य यांचे रंग पाहा. कोणता जास्त तापलेला आहे ते सांगा.

३. यंदा मृग आणि आर्द्रा कोणत्या तारखांना लागल्या आणि पेरणीजोगा पाऊस कोणत्या तारखेला झाला, ते वहीत लिहून ठेवा. दर वर्षी लिहीत जा. पाच वर्षांनी ती वही उघडून सर्वांना वाचून दाखवा.